काकांची पिंक, दोनशेची पावती आणि बेळगावात चारचौघांत वागायचे नियम

बोगारवेशी

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमच्या काकांना दंड झाला. वय ७२, जन्म रामलिंग खिंड गल्लीतला, उभ्या आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही. गणपत गल्लीतून भाजी घेऊन येताना कोपऱ्यावर पिंक टाकली, तोवर मागून जॅकेट घातलेले दोघे हजर. एकाच्या हातात पावतीपुस्तक. "अज्जा, दंड कट्री." (आजोबा, दंड भरा.) काकांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं (ऐकू येतं, सगळं येतं), मग "पुन्हा नाही" म्हणून बघितलं, शेवटी मेथीची जुडी काखेत धरून धोतराच्या सोग्यातले दोनशे काढून दिले.

चूक काकांचीच, त्यात वाद नाही. पावती मिळाली, तीही रीतसर. पण ती कन्नडात. काका कन्नड फडाफडा बोलतात, भाजीवालीशी घासाघीस त्याच भाषेत चालते, वाचायला मात्र येत नाही. मला छापलेलं वाचता येतं, हाताने लिहिलेलं नाही. जिथे कलम लिहायचं तिथे नुसती तिरकी रेघ. काका तीन दिवस तेच विचारताहेत : "दिले ते दिले, पण कशाबद्दल दिले ते कळायला नको?"

तर जाणकारांनो, हे कुठल्या कायद्यात बसतं? आणि थुंकणं, विडी-सिगरेट, कर्णा, फलक, रस्त्यात मांडव, आपल्या गावात चारचौघांत काय चालतं नि काय नाही, हे एका जागी मराठीत लिहून ठेवूया का? शोधलं तर सगळं बंगळूरचंच सापडतं.

---

टिळकवाडीकर

दोनशेत सुटले की ओ काका! पेढे वाटा.

---

वकिलीणबाई

थट्टा बाजूला. पहिला प्रश्न : काकांच्या पानात तंबाखू होती का?

हसू नका, सगळं त्यावरच आहे. साधं पान असेल तर मामला महानगरपालिका कायदा १९७६ आणि त्याखालच्या उपनियमांचा, म्हणजे रस्ता घाण केल्याचा. तंबाखू असेल तर गोष्ट वेगळी. सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घालणारा केंद्राचा कायदा २००३ चा, त्यात दंड होता दोनशेपर्यंत. कर्नाटकाने २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मे २०२५ मध्ये आली. आता नुसतं ओढणंच नाही, तंबाखू खाऊन सार्वजनिक जागी थुंकणंही त्यात आलं आणि दंड हजारापर्यंत गेला. तंबाखू विकत घ्यायचं वय १८ चं २१ झालं. सुटी सिगरेट विकायला बंदी. हुक्का पार्लर तर पूर्ण बंद, चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद.

पानपट्टीवर "एक दे रे" म्हणून सुटी घेणारे माझे निम्मे अशील या दुरुस्तीने गुन्ह्याचे साथीदार झालेत, त्यांना अजून पत्ता नाही.

---

बोगारवेशी

काकांना विचारलं. "होती थोडीशी" म्हणाले. आतून काकू ओरडल्या, "थोडीशी म्हणे!"

---

वकिलीणबाई

मग टिळकवाडीकरांचं बरोबर आहे. पेढे वाटा.

पण काकांचा प्रश्न रास्त आहे. दंड कुठल्या कलमाखाली हे पावतीवर हवंच. कलम नसेल तर हरकत घ्यायची कशावर?

---

निपाणकर

आम्ही निपाणीचे. तंबाखूवर वाढलेलं गाव. आज्जी विड्या वळायची, सूप मांडीवर, पानं ओली करून फडक्यात, हजाराचा हिशोब संध्याकाळी. माल आमच्याकडचा, थुंकणार तुम्ही, आणि दंड पानवाल्याला नाही, कारखानदाराला नाही, काकांना! चालू दे.

रस्ता अडवण्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले. तीन आठवडे वगैरे रस्त्यावरच संसार, चुली तिथेच. शेवट गोळीबारात झाला, १२ शेतकरी गेले. तेव्हा मी चार वर्षांचा, मला आठवतं ते एवढंच की घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. त्यामुळे "सार्वजनिक रस्त्यात अडथळा" हे शब्द कुठल्याही नोटिशीत दिसले की आमच्याकडची जुनी माणसं ती नोटीस दोनदा वाचतात.

---

वकिलीणबाई

@निपाणकर, ते कलम आता भारतीय न्याय संहितेचं २८५. पूर्वी दंड दोनशे होता, आता पाच हजारांपर्यंत. गंमत अशी की हातगाडीवाल्यालाही तेच लागतं आणि हायवे अडवणाऱ्यालाही. हातगाडीवाल्याला मात्र २०१४ च्या फेरीवाला कायद्याचं संरक्षण आहे : सर्वेक्षण, प्रमाणपत्र, जागा ठरवायला समिती. ते झाल्याशिवाय उठवता येत नाही. खडे बाजारात उठवाउठवी होते तेव्हा हे कुणी बोलतच नाही.

---

कॅम्पवाला

एक मूलभूत गोष्ट राहिली. बेळगावात "गावचा नियम" असं एक नाहीच. कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड, ते केंद्राच्या २००६ च्या कायद्यावर चालतं. रस्त्याच्या अलीकडे महापालिका, पलीकडे बोर्ड. माझं घर अगदी हद्दीवर. आमच्या बाजूला कचरा टाकला तर एक माणूस येतो, समोर टाकला तर दुसरा. लोकांनी यातून काय शोध लावला? पिशवी बरोबर मधल्या दगडापाशी ठेवायची. दोन्हीकडचे येतात, बघतात, जातात. तो दगड आता दिसतही नाही.

आणि हो, शहरातले लोक कॅम्पात आले की आपोआप नीट वागतात. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान गेटवर उभा असतो तिथे कुणी पिंक टाकलेली मी तरी पाहिली नाही. कायद्याचं पुस्तक कुणी वाचलेलं नसतं. समोर माणूस उभा असतो, एवढंच.

---

टिळकवाडीकर

आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स बसवल्यात, कोपऱ्यात. थुंकणं थांबलं. आता लोक टाइलच्या वर, हात पोचेल तिथे चुना पुसतात. शंकराच्या कपाळाला आयतंच भस्म.

---

खानापूरची_लेक

पुरुषमंडळी थुंकण्यावर अर्धा धागा भरवून बसलीत. मी वेगळं विचारते.

उघड्यावर लघवी केल्याचा दंड बायकांना झालेला कुणी ऐकलाय का? नाही ना. म्हणजे आम्ही शिस्तीच्या? अजिबात नाही. आम्ही दाबून धरतो. खानापूरहून सकाळच्या गाडीने बेळगावला बाजाराला यायचं असेल तर माझी सासू आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. घरातून निघताना चहासुद्धा नको म्हणते. रविवार पेठ, गणपत गल्ली, खडे बाजार करून दुपारी तीनला बस. तोवर आम्हाला एक जागा माहीत आहे : एका साडीच्या दुकानात मागच्या बाजूला, तिथली ताई ओळखीची आहे म्हणून. तिची ओळख टिकवायला दर खेपेला एक तरी ब्लाऊजपीस घ्यावा लागतो. माझ्याकडे एकोणीस झालेत.

दंडाचे दर ठरवणाऱ्यांनी आधी हे मोजावं.

दुसरं. लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा नवऱ्याबरोबर एका तळ्याकाठी बसले होते. चार पोरं आली, "लग्नाचा पुरावा दाखवा." मंगळसूत्र दाखवलं तर म्हणे "हे काय कुठेही मिळतं." तेव्हा घाबरून उठून आलो. आता विचारते, बाकावर शेजारी बसणं कुठल्या कायद्यात गुन्हा आहे?

---

वकिलीणबाई

कुठल्याच नाही. न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक जागी अश्लील कृत्य करून इतरांना त्रास देण्याबद्दल आहे. अश्लील हवं आणि त्रासही व्हायला हवा, दोन्ही. बसणं, बोलणं, हात धरणं यात येत नाही. आणि पुरावा मागायचा अधिकार त्या चार पोरांना कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. उलट एखाद्याला अडवून जाऊ न देणं हा त्यांचाच गुन्हा होतो. पुन्हा झालं तर ११२ फिरवा.

ब्लाऊजपीसवर माझ्याकडे उत्तर नाही. मीही कोर्टातून घरी येईपर्यंत धरतेच.

---

अनगोळचा_बाळू

खरा प्रश्न कुणी काढतच नाही. डीजे!!

शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपती विसर्जन, दोन्ही आपल्या जिवाभावाचे. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीला अख्खं बेळगाव रस्त्यावर असतं, पोरं महिनाभर आधीपासून देखाव्याची तालीम करतात, मी स्वतः दोन वर्षं मावळा होतो (एकदा बहिर्जी नाईक, पण मिशी पडली). तेव्हा मला धर्मद्वेष्टा म्हणायच्या आधी वाचा. गेल्या वेळी वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन नऊ दिवस झाले होते. रात्री दीडला खिडकीच्या काचा नुसत्या वाजत नव्हत्या, गजातून थरथर हाताला लागत होती. बाबांनी हात छातीवर ठेवला होता. दुखत होतं म्हणून नाही, म्हणाले, "आतून कोणीतरी दार वाजवतंय असं वाटतंय." पोरांना सांगायला खाली गेलो. सगळी ओळखीची. एक जण कानाशी ओरडला, "मामा, एवढं गाणं संपू दे." ते गाणं पाऊण तास संपलं नाही.

---

मंडळ_कार्यकर्ता

वर्षातून दोन रात्री. बाकी ३६३ दिवस झोपा की ओ. कपिलेश्वर तलावापर्यंत गणपती नेताना काय हळू आवाजात नेऊ? टिळक इथे आले तेव्हापासूनचा उत्सव आहे.

---

अनगोळचा_बाळू

टिळकांनी बेस लावला नव्हता.

---

वकिलीणबाई

दोघंही थांबा. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १० ची मर्यादा १२ पर्यंत वाढवता येते, त्यापुढे नाही. म्हणजे दीड वाजताचं गाणं कुठल्याच हिशोबात बसत नाही, उत्सव कितीही जुना असो. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. पंचेचाळीस म्हणजे किती? जवळपास शेजारच्या खोलीतला फ्रिज.

तेवढ्यात ढोल-ताशाही बसत नाही हे मला माहीत आहे. नियम करणाऱ्याने मिरवणूक पाहिलीच नसावी असं वाटण्याइतका तो कडक आहे, आणि म्हणूनच कुणी पाळत नाही. पण रात्रीची वेळ तरी पाळता येते की!

---

मंडळ_कार्यकर्ता

बाळूमामा, तुम्ही कुठल्या गल्लीत? पुढच्या वेळी तिथे बंद करून पुढे जातो. वडिलांची तब्येत आता कशी?

---

अनगोळचा_बाळू

बरी आहे. व्यक्तिगत निरोप पाठवतो. ते ओरडणारं पोरगं तूच होतास की काय?

---

पुणेरी_पाहुणा

या सगळ्यावर एकच उपाय, सीमाभाग महाराष्ट्रात आणा. मग पावती मराठीत मिळेल.

---

टिळकवाडीकर

आणि पुण्यात मराठीत पावती मिळते म्हणून लोक थुंकत नाहीत होय? लक्ष्मी रोडला आलोय मी, मालक.

---

वडगावचा_दासा

मी कडू बोलणार आहे. काका ७२ वर्षं इथे राहिले, कन्नड वाचायला शिकले नाहीत, यात सरकारचा दोष? माझी पोरगी सरकारी मराठी शाळेत आहे, कन्नडही शिकते, पाटी वाचून आज्जाला सांगते. सहा महिन्यांचं काम आहे ते. आपण भाषेचा अभिमान सांगतो की आळसाला अभिमान म्हणतो?

---

बोगारवेशी

@दासा, काकांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "बरोबर बोलतोय पोरगं. पण मला शिकायचं नाही असं नव्हतं, मला शिकवतो असं कुणी म्हटलं नाही. दम दिला तो सगळ्यांनी." पुढे मला लिहायला सांगितलं नाही ते लिहितो. १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं तेव्हा, काका शाळेत जायला लागायच्या वयाचे नव्हते, पण मोर्चे, पोलीस, घरातल्या बैठका यात वाढले. त्या घरात कन्नड पाटी शिकणं म्हणजे बाजू बदलणं होतं. आता त्यांना तसं वाटत नाही. आता डोळेच साथ देत नाहीत.

---

वकिलीणबाई

दासाचं पटतं, पण कायदा काय सांगतो तेही ऐका. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी देशपातळीवरची संरक्षणं ठरली आहेत त्यात असं आहे की, जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाचे नियम नि सूचना त्या भाषेतही द्याव्यात. बेळगाव तालुक्यात मराठी पंधरा टक्के आहे की नाही हे मोजायला गणकयंत्र लागत नाही. "द्याव्यात" आणि "दिल्या" यात केवढं अंतर असतं ते तुम्हाला माहीत आहेच.

दुसरं जास्त उपयोगाचं. राज्यघटनेचं कलम ३५०. कुठल्याही गाऱ्हाण्याचं निवेदन, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतं. म्हणजे मराठीतला अर्ज "भाषा चालत नाही" म्हणून परत करता येत नाही. उत्तर मराठीत मिळेलच असं मात्र त्यात लिहिलेलं नाही.

दुकानदारांसाठी : २०२४ च्या दुरुस्तीनंतर नामफलकावर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात. उरलेल्यात मराठीला बंदी नाही. आणि "भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा" वाल्यांसाठी : विनापरवाना सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध कर्नाटकाचा १९८१ चा कायदा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार दंड किंवा दोन्ही. बॅनरवर शुभेच्छुकांचे फोटो नावासकट असतात, तपासाला वेगळा पुरावा शोधायला नको.

---

निपाणकर

😂 भाऊ स्वतःच पुरावा.

---

शिवभक्त_६५

मग व्हॅक्सिन डेपो मैदानावरच्या एकीकरण समितीच्या महामेळाव्याला बंदी घालतात ते कुठल्या कायद्याने? १९ डिसेंबर २०२२ ला जमावबंदीचं कलम १४४ लावून मांडव उतरवला. विधिमंडळाच्या अधिवेशनावेळी तिकडे हलग्याला सगळे आंदोलन करू शकतात, आम्हाला आमच्याच गावच्या मैदानात चालत नाही. यावर बोला, थुंकण्यावर काय बोलता!

---

वकिलीणबाई

बोलते. १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय, १ जुलै २०२४ पासून. आदेश लेखी लागतो, कारणं लिहावी लागतात, साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. कोर्टात आव्हान देता येतं. माझं मत विचारलंत तर, वर्षानुवर्षं एकाच मेळाव्याला एकाच दिवशी हेच कलम लागत असेल तर "तातडीचा धोका" हे शब्द झिजतात. ते कलम अचानक पेटलेल्या आगीसाठी आहे.

---

संपादक मंडळ

यानंतरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, सर्वोच्च न्यायालयातल्या २००४ च्या दाव्यावरही आहे, तिकडे लिहा. इथे मूळ विषयावर.

---

कॅम्पवाला

अकरातला एक माझा होता आणि तो दारूवर होता! पुन्हा टाकतो. मैदानात रात्री बाटल्या घेऊन बसणाऱ्यांना काय लागतं?

---

वकिलीणबाई

नशेत सार्वजनिक जागी त्रासदायक वागलं तर न्याय संहितेचं कलम ३५५ : चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. हो, समाजसेवा कायद्यातच आहे. फोडलेल्या बाटल्यांच्या काचा त्याच मैदानातून सकाळी फिरायला येणाऱ्यांसमोर वेचायला लावल्या तर मी स्वतः चहा पाजायला येईन.

---

बोगारवेशी

शेवटचा अपडेट देतो.

काकांच्या नावाने मराठीत अर्ज लिहिला. चार ओळी : दंड मान्य आहे, पैसे परत नकोत, कलम कोणतं ते कळवावं, आणि बाजारात थुंकण्याविषयीची पाटी मराठीतही लावावी. खाली "राज्यघटना कलम ३५०". काका स्वतः आले. खिडकीतल्या माणसाने अर्ज घेतला, वाचला, आमच्याकडे बघितलं. मला वाटलं आता परत करतो. तो मराठीत म्हणाला, "अक्षर कुणाचं? छान आहे." काकांचं. मग शिक्का मारला, कन्नडातला, आणि पोचपावती दिली. तीवर तारीख आहे, क्रमांक आहे. ती आता देवघरात पंचांगाखाली ठेवली आहे.

उत्तर अजून यायचंय.

पान सुटलेलं नाही. पण काल संध्याकाळी काका बाजारातून आले ते तोंड गच्च मिटून, गाल फुगलेला. वाटेत दोघांनी "काय काका, बरं का?" म्हटलं तर नुसतं "हं". जोशी मास्तर त्यांच्या मागे मागे आले, म्हणे राग आलाय का, बोलत का नाहीत. काकांनी पिशवी त्यांच्याच हातात दिली आणि चप्पल न काढता मोरीकडे धावले. मागून काकूंचा आवाज.

---

टिळकवाडीकर

काकांना सांगा, मोरीत थुंकायला अजून कलम नाही.

---

वकिलीणबाई

काकूंचं आहे.